वठणी आणि वळण : घरातल्या कुत्र्याला शिकवण्याचा शतकभराचा इतिहास

मराठीत शिकवण्यासाठी दोन वाक्प्रचार शेजारीशेजारी नांदतात. एक 'वठणीवर आणणे' आणि दुसरा 'वळण लावणे'. पहिल्यात समोरचा हट्टी आहे, त्याला त्याची जागा दाखवायची आहे, हे गृहीत धरलेले असते. दुसऱ्यात समोरचा अजून कच्चा आहे आणि वाढतावाढता त्याला दिशा द्यायची आहे, एवढेच असते. मुलांच्या बाबतीत आपण दोन्ही वाक्प्रचार वापरतो आणि कोणता केव्हा, यावर घराघरांत वाद घालतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र म्हणीने निकाल आधीच देऊन ठेवला आहे. शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच.

गावात कुत्र्याशी बोलायला तीन शब्द पुरत. बोलावताना 'यू यू', हाकलताना 'हाड्' आणि अंगावर सोडताना 'छू'. त्यापलीकडे कुत्र्याला काही शिकवावे लागते, अशी कल्पनाच नव्हती. गेल्या तीन-चार दशकांत कुत्रे अंगणातून फ्लॅटमध्ये आले आणि त्याच्याशी बोलण्याची भाषाही बदलली. घरातली सगळी माणसे आपसात मराठी बोलतात, कुत्र्याला मात्र 'सिट', 'स्टे', 'कम', 'नो' असे फर्मावतात. या शब्दांबरोबर एक संपूर्ण पद्धतही आपल्या घरात आली. पट्ट्याला झटका द्यावा, ऐकले नाही तर उताणे पाडून दाबून धरावे, घरात मालक कोण हे पहिल्या दिवसापासून दाखवून द्यावे, हे सल्ले आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत अगदी सहज दिले जातात. ते मूळचे कुठले, कोणत्या कामासाठी तयार झाले आणि ज्या शास्त्राच्या नावाने ते दिले जातात त्या शास्त्राने पुढे त्यांचे काय केले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

काम असलेले कुत्रे

कुत्र्याला कामाला लावण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाचे नाव मराठी वाचकाला ओवीच्या प्राचीन उल्लेखामुळे परिचित असते. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत हत्ती, घोडे, कोंबडे, ससाणे यांच्या जोडीने 'सारमेयविनोद', म्हणजे कुत्र्यांच्या खेळाचे व शिकारीचे प्रकरण आहे. पुढच्या काळात दख्खनच्या पठारावर कारवानी आणि मुधोळ या सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांची ख्याती झाली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तर त्यांची पैदास राजाश्रयाने जोपासली.

पण या कुत्र्यांची आणि धनगरांच्या मेंढरांमागे चालणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट एका बाबतीत सारखी होती. जे काम त्यांच्याकडून हवे होते, त्याची ओढ त्यांच्या अंगातच होती. पिल्लू मोठ्या कुत्र्याबरोबर फिरे, पाहत पाहत शिके. त्याच्या अंगातली रग हा दोष नव्हता, तेच भांडवल होते. दिवसाकाठी मैलोगणती चालणाऱ्या कुत्र्याला संध्याकाळी 'शांत बस' असे सांगावे लागत नाही.

युरोपातही हेच होते. वेल्समधल्या बाला या गावी १८७३ साली मेंढपाळ कुत्र्यांची पहिली नोंदलेली चाचणी झाली, तेव्हा कुत्र्याने काय करायचे हे कळपाने आणि डोंगराने ठरवलेले होते. बदल झाला तो कारखानदारी आणि रेल्वेच्या युगात. मेंढ्यांचे कळप घटू लागले आणि कुत्र्यांच्या गुणी जाती बेकार होण्याची वेळ आली. जर्मनीत माजी लष्करी अधिकारी माक्स फॉन श्टेफानित्स याने १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीची संघटना स्थापन केली आणि पुढे या मेंढपाळ कुत्र्याला नवी नोकरी शोधून दिली, ती पोलीस आणि लष्कराची. कुत्र्याच्या शिक्षणाचा आधुनिक इतिहास इथून सुरू होतो.

बराकीतून दिवाणखान्यात

सारब्रुकन येथील पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट याने १९०६ पासून सेवाकुत्र्यांना शिकवायला सुरुवात केली आणि १९१० साली त्याचे जर्मन पुस्तक प्रसिद्ध झाले. आज ते वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. पहिली, हा माणूस बारकाईने पाहणारा होता. कुत्र्याला माणसाचे नीतिनियम कळत नाहीत, त्याला कळतो तो कृतीच्या क्षणी मिळालेला परिणाम, हे त्याने व्यवहारातून ओळखले होते. शाबासकी आणि शिक्षा दोन्ही क्षणाचाही उशीर न करता मिळाली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. दुसरी गोष्ट, त्याच्या पद्धतीचा कणा सक्तीचा होता. काटेरी गळपट्टा, छडी, आणि माणूस व कुत्रा यांच्यातला झगडा माणसानेच जिंकला पाहिजे ही धारणा. पोलीस आणि लष्कराच्या दृष्टीने हे सुसंगतच होते. तिथे कुत्रा हे शस्त्र होते आणि शस्त्राने ऐन वेळी चुकून चालत नाही. जो कुत्रा या जाचात टिकला नाही, तो सेवेतून बाद होई.

पहिल्या महायुद्धात हजारो कुत्रे निरोप पोहोचवायला आणि जखमी शोधायला आघाडीवर गेले. युद्ध संपले, पण शिकवणारी माणसे आणि त्यांची रीत उरली. ती रीत घरात येण्याचा एक टप्पा अमेरिकेत दिसतो. पूडल जातीचे कुत्रे पाळणाऱ्या हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंना लोक चिडवत, की हे नुसते शोभेचे कुत्रे. त्यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात माउंट किस्को येथे आज्ञापालनाची चाचणी भरवली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या चाचण्यांना मान्यता दिली. पुढच्याच वर्षी वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांश सॉन्डर्स यांनी मोटारीला फिरते घर जोडून, पूडल बरोबर घेऊन, सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून गावोगावी प्रात्यक्षिके दाखवली. सामान्य माणसाचा कुत्राही शिकू शकतो, ही कल्पना रुजवण्याचे श्रेय या दोघींना आहे. 'बस', 'थांब', 'पायाशी चाल' हा आजचा घरगुती अभ्यासक्रम या चाचण्यांतून पक्का झाला.

मात्र अभ्यासक्रम घरात आला तरी त्यामागची शिस्त बराकीतलीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी कुत्रे शिकवलेल्या आणि पुढे डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करणाऱ्या विल्यम कोहलर याचे १९६२ चे पुस्तक कित्येक वर्षे अमेरिकेत प्रमाण मानले गेले. अंगणात खड्डे खणणाऱ्या कुत्र्याची खोड मोडण्यासाठी तो खड्डा पाण्याने भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवावे, असा उपाय त्या पुस्तकात आहे. हे पुस्तक सैनिकांसाठी नव्हते, कुटुंबांसाठी होते. ज्या कुत्र्याचा एकमेव गुन्हा म्हणजे दिवसभर त्याला दुसरे काही करायला नसणे, त्याच्यासाठी युद्धातली शिक्षा घरात वापरायची, हा विसंवाद त्या काळात फारसा कोणाला खटकला नाही.

लांडग्यांचे उसने तत्त्वज्ञान

सक्तीच्या पद्धतीला तोपर्यंत अनुभवाचा आधार होता, तत्त्वज्ञान नव्हते. ते मिळाले लांडग्यांकडून. स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. कुंपणात कोंडलेल्या त्या लांडग्यांत वर्चस्वासाठी सतत झुंजी होत आणि एक नर व एक मादी सर्वांवर हुकूमत गाजवत. १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या लांडग्यांवरील गाजलेल्या पुस्तकातून ही 'अल्फा'ची कल्पना सर्वदूर गेली.

त्यावरून कुत्र्यांविषयीचा निष्कर्ष भराभर काढला गेला. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, तेव्हा घर म्हणजे त्याचा कळप. तो आधी दारातून बाहेर पडला, सोफ्यावर चढला, पट्टा ओढू लागला, की तो गादी बळकावतो आहे असे समजावे. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट या मठातले साधू जर्मन शेफर्डची पैदास करत. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकातून कुत्र्याला उताणे लोळवून दाबून धरण्याची शिक्षा लोकप्रिय झाली.

पुढची हकिकत विद्येच्या प्रांतात क्वचित घडते अशी आहे. १९८६ पासून मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर मोकळ्या रानातल्या लांडग्यांचे कित्येक उन्हाळे निरीक्षण केले. तिथे त्यांना दिसले ते आईबाप आणि त्यांची मुले. ज्यांना 'अल्फा' म्हटले जात होते, ते बहुतेक वेळा झुंज जिंकून आलेले सम्राट नव्हते, तर कुटुंबातले वडीलधारे होते. १९९९ साली मेक यांनी हे शोधनिबंधातून मांडले आणि पुढे स्वतःचे जुने पुस्तक प्रकाशकाने छापणे थांबवावे यासाठी जाहीरपणे प्रयत्न केले. न्यू स्कीटच्या साधूंनीही २००२ च्या आवृत्तीतून लोळवून दाबण्याचा सल्ला काढून टाकला. ज्यांनी ही कल्पना पसरवली त्यांनी ती सोडली, पण दूरचित्रवाणीवर ती २००४ नंतर पुन्हा नव्या जोमाने अवतरली आणि तिथून उपग्रह वाहिन्यांवाटे आपल्याही घरात आली. आपल्या सोसायटीतला जाणकार जेव्हा 'त्याला कळू दे बॉस कोण आहे' असे म्हणतो, तेव्हा तो नकळत बाझेलच्या कुंपणातल्या लांडग्यांची साक्ष काढत असतो.

ज्यांना पट्टा बांधता येत नव्हता

कुत्र्याला मारून शिकवता येत होते, याचे साधे कारण तो बांधलेला होता. दुसरी वाट सापडली ती ज्यांना बांधता येत नाही अशा प्राण्यांमुळे.

एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये मांजरांना पेटाऱ्यांत कोंडून दाखवले होते, की ज्या हालचालीने दार उघडते ती हालचाल प्राणी हळूहळू पक्की करतो. इव्हान पावलोव याच्या कुत्र्यांनी संकेत आणि अन्न यांची सांगड कशी बसते हे दाखवले. या दोन धाग्यांचा व्यवहारात वापर करून दाखवला तो बी. एफ. स्किनर याने. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून बॉम्बचा नेम धरण्याच्या एका विलक्षण प्रकल्पावर तो मिनियापोलिस येथील पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर काम करत होता. तिथे १९४३ मध्ये रिकाम्या वेळात एका कबुतराला लाकडी चेंडू टोलवायला शिकवताना त्याच्या लक्षात आले, की पूर्ण कृतीची वाट पाहायची गरज नाही. चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा, मग चोच जवळ नेली की दाणा, मग स्पर्श केला की. कृती अशी पायरीपायरीने घडवता येते. १९५१ च्या डिसेंबरात त्याने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात सामान्य वाचकांसाठी लेख लिहून हीच रीत घरच्या कुत्र्यावर कशी वापरावी हे सांगितले. योग्य क्षण टिपण्यासाठी, दाबले की टक् असा आवाज करणारे मुलांचे साधे खेळणे त्याने सुचवले. आजच्या 'क्लिकर'चे मूळ तिथे आहे.

स्किनरचे दोन विद्यार्थी, केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे दांपत्य, विद्यापीठ सोडून याच कामाचा व्यवसाय करू लागले. कोंबड्या, डुकरे, ससे, रकून, नाना जातींचे प्राणी त्यांनी जाहिरातींसाठी आणि जत्रांसाठी शिकवले. मग पाळी आली सागरी प्राण्यांची. डॉल्फिनला गळपट्टा घालता येत नाही. रागावलात तर तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. उडीच्या नेमक्या शिखरावर त्याच्या तोंडात मासा टाकणेही अशक्य. म्हणून त्या क्षणी शिट्टी वाजते आणि मासा मागून मिळतो. हवाई बेटांवरच्या सी लाइफ पार्कमध्ये १९६० च्या दशकात डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ही विद्या १९८४ च्या आपल्या पुस्तकातून कुत्र्यांच्या मालकांपर्यंत आणली. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, पशुवैद्य इयन डनबार यांनी कॅलिफोर्नियात लहान पिल्लांचे वर्ग सुरू केले. त्याआधी सहा महिन्यांचे झाल्याशिवाय कुत्र्याला शिकवू नये असा प्रघात होता, कारण त्याआधी त्याची मान झटके सोसू शकत नसे. झटकाच नको म्हटल्यावर वयाची अटही गळून पडली.

या वाटेलाही काटे आहेत. स्किनरची कबुतरे मुद्दाम अर्धपोटी ठेवलेली असत, हे विसरून चालत नाही. आणि सर्वांत मोलाचा इशारा दिला तो ब्रेलंड दांपत्यानेच, १९६१ च्या त्यांच्या निबंधात. रकूनला पेटीत नाणे टाकायला शिकवले, तर काही काळाने तो नाणी सोडीना. अन्न धुवावे तशी ती हातात घासत बसे. डुकरे नाणे नेण्याऐवजी नाकाने उकरू लागली. दाण्याने सारे काही घडवता येते, हा समज त्यांच्याच प्राण्यांनी खोटा पाडला. शिकवण्याला जातीचा स्वभाव ओलांडता येत नाही, त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. आपल्या शेपटीच्या म्हणीत तथ्य असेल तर ते एवढेच.

रग कुठून येते

हा इशारा घरातल्या दांडग्या पिल्लाला थेट लागू पडतो. न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांच्या कुत्र्यांपासून उतरलेला लॅब्राडोर शिकारीतले पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी घडवला गेला. त्याने चप्पल तोंडात धरणे हा त्याचा पिढीजात धंदा आहे. बीगलचे नाक जमिनीवरून उचलत नाही, कारण माग काढणे हेच त्याचे काम होते. माणसाने शतकानुशतके निवडून निवडून जी रग त्यांच्यात भरली, तीच आता दोन खोल्यांच्या घरात 'त्रास' म्हणून गणली जाते.

त्यात वयाची भर पडते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बर येथे पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षे केलेल्या कामातून, १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात, हे दिसून आले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी आणि जगाशी सर्वांत सहज नाते जोडते. 'माणसाळणे' हे आपले क्रियापद इथे चपखल बसते. ते अकर्मक आहे. कुत्रा स्वतः माणसाळतो, आपण फक्त संधी देतो. आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मार्गदर्शक कुत्र्यांसाठी वाढवलेल्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात आढळले, की पाच महिन्यांचे असताना 'बस' म्हटल्यावर बसणारी पिल्ले आठव्या महिन्यात आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचे मात्र त्यांचे ऐकणे तसे घटले नव्हते. म्हणजे शिकलेले विसरले नव्हते. ही वयात येण्याची अवस्था आहे आणि ती सरते.

नेमक्या याच महिन्यांत घरचा धीर सुटतो. 'इतके शिकवले, आता मुद्दाम ऐकत नाही' असे वाटू लागते, आणि वळण सोडून वठणी सुरू होते. त्याचा परिणाम मोजला गेलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चिकित्सालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांच्या २००९ मधील पाहणीत, ज्यांनी कुत्र्याला मारले वा लाथ घातली होती त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांना, आणि ज्यांनी उताणे लोळवून दाबले त्यांच्यापैकी ३१ टक्के लोकांना कुत्र्याने आक्रमक होऊन उत्तर दिले होते. पोर्तुगालमध्ये प्रशिक्षणवर्गांतल्या ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात (२०२०), शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतले कुत्रे अधिक ताणाखाली असल्याचे वागण्यातून आणि लाळेतल्या संप्रेरकातूनही दिसले. घरात चावणारा कुत्रा पुढे कुठे जातो, हे सांगायला नको. गच्चीवर बांधला जातो, नाहीतर रस्त्यावर सोडला जातो.

आपल्या घरात

भारतात कुत्र्यांचे शिक्षण आले तेही लष्करी वाटेनेच. मेरठ येथे १९६० मध्ये सेनादलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शहरांत खासगी शिक्षक म्हणून फिरणाऱ्यांत लष्कर-पोलिसांची परंपरा सांगणारे अनेक असतात, त्याचे मूळ या इतिहासात आहे. योगायोग असा, की त्याच १९६० साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही संसदेने केला. त्यातल्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला मारहाण करणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा त्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपये. फ्लॅटच्या बंद दाराआड तो कोण वसूल करणार? तिथे कायद्यापेक्षा समजूत अधिक कामाची.

आणि शतकभराच्या या खटाटोपातून जमलेली समजूत तशी साधी आहे. कुत्र्याने नको ते केले तेव्हाच आपले लक्ष जाते. तो गप्प पायाशी बसलेला असतो तेव्हा कोणी त्याच्याकडे पाहत नाही. स्किनरच्या कबुतरापासून प्रायर यांच्या डॉल्फिनपर्यंत सगळ्यांनी उलट सांगितले. हवे ते घडले तो क्षण टिपा, लगेच शब्दाने आणि घासाने पोचपावती द्या, पुढची पायरी थोडी उंच करा. पाहुण्यावर उडी मारणाऱ्याला गुडघा हाणण्यापेक्षा चारही पाय जमिनीवर असताना जवळ घ्या. पट्टा ताणला की थांबा, सैल झाला की चाला. दिवसातून चार-पाच वेळा पाचपाच मिनिटे शिकवणे एका तासाच्या कवायतीपेक्षा बरे. माग काढणाऱ्या नाकाला घरभर लपवलेले दाणे शोधू द्या, तोंडात धरणाऱ्याला चेंडू आणू द्या, आणि फिरायला नेल्यावर हुंगायला वेळ द्या, कारण ते त्याचे वर्तमानपत्र आहे. 'सिट' म्हणा की 'बस' म्हणा, कुत्र्याला फरक पडत नाही. शब्द सगळ्यांनी एकच वापरला पाहिजे, एवढेच.

यात मालक कोण हा प्रश्न कुठेच येत नाही. दार उघडणारा, जेवण वाढणारा, पट्टा हातात धरणारा माणूसच असतो. सत्ता आधीपासून आपल्याच हाती आहे. ती सिद्ध करण्यासाठी आठ महिन्यांच्या पिल्लाला लोळवावे लागते, ही समजूत कुंपणातल्या लांडग्यांवरून आली होती, आणि तिच्या प्रवर्तकांनी ती मागे घेऊनही बरीच वर्षे झाली आहेत.